वहिनी आणि गरम खोली

माझी वहिनी एका मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला आहे. सतरा वर्षं झाली. लाँड्री तळघरात आहे आणि वहिनी असते रोलरवर. धुऊन आलेली ओलसर चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकून ताणायची आणि तापलेल्या रोलरखाली सोडायची. पलीकडून ती कडक, सपाट होऊन निघते, तिकडच्या दोघी तिची घडी घालतात. हे दिवसभर चालतं. थंडीच्या दिवसांतसुद्धा तिथल्या बायका अर्ध्या बाह्यांत असतात आणि तरी त्यांची पाठ ओली असते.

तिथे वहिनीला सगळ्या ‘इंजिन’ म्हणतात. एकदा सुरू झालं की थांबत नाही म्हणून. तिला रजा घेणं माहीतच नाही. अंगात कणकण असली तर गोळी घेईल, घरी पाहुणे असले तर पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवेल, पण कामाला जाईलच. दादा म्हणतो, “लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ही घरी थांबली, तेवढे उपकार मी अजून फेडतोय.”

तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा धरला. चादरी झटकून झटकून धरणारच होता. हात डोक्याच्या वर जाईना, केस बांधायला मुलीला हाक मारावी लागायची. मी तेव्हा हॉट योगाच्या वर्गाला जात होते. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, दिवसभर खुर्चीत बसून माझं अंग आखडतं. माझ्या घराजवळच टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर हा वर्ग आहे. बंद खोली, चारी भिंतींना हीटर, बाहेर कितीही गारठा असो, आत अंगाची लाही होईल इतकी ऊब. काचांवर वाफ धरलेली असते. त्या उकाड्यात तासभर आसनं करायची. मी वहिनीला म्हटलं, चल माझ्याबरोबर, खांदा मोकळा होईल.

ती म्हणाली, “मी दिवसभर पगार घेऊन घाम गाळते. आता फी भरून गाळू?”

पण आली. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या दहा मिनिटांत टॉवेल शोधायला लागलो, आणि ही आपली निवांत. गरमीचं तिला काहीच वाटेना. आसनं मात्र जमेनात. एका पायावर उभी राहिली की पाण्यातल्या बाटलीसारखी डुलायची. पण महिनाभरात खांदा खरंच सुटला आणि मग वहिनी त्या वर्गाची झाली. आठवड्यातून चार दिवस कामावरून थेट यायची. माझी दांडी पडली तरी तिची पडायची नाही.

आमच्या टीचर पन्नाशीच्या, काटक, पूर्वी पोहायला शिकवायच्या. बोलायला एकदम सरळ. नव्या बायका आल्या की वर्ग सुरू होण्याआधी दारातच सांगायच्या, “पाळी असेल तर स्वतःच्या अंदाजाने करा. उलटी आसनं नको वाटली तर सोडा. डोकं हलकं वाटलं तर खाली बसा, लाजू नका.”

पहिल्याच आठवड्यात वहिनीने हे ऐकून हात वर केला. “पाळीत केलं तर काय होतं?”

“खरं सांगू? उलटं होऊ नका असं पुष्कळ जण म्हणतात, त्याला पक्का पुरावा मला तरी सापडला नाही. कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. गरमीचं मात्र खरं आहे. घामाने पाणी जातं, रक्तदाब उतरतो, भोवळ येऊ शकते. त्यात अंगातून रक्त जात असेल तर जास्त जपायचं.”

“म्हणजे केलं तरी चालतं.”

“चालतं. पण...”

‘पण’च्या पुढचं वहिनीने ऐकलंच नाही. ती सतरंजी घालायला आत गेलीसुद्धा.

मी पाळीच्या दुसऱ्या दिवशी वर्गाला जात नसे. माझी कंबर दुखते, पाय भरून येतात, मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहते. वहिनी पहिल्या दिवशीही यायची, दुसऱ्याही. काळी विजार, वर लांब काळा टी-शर्ट. म्हणायची, “त्या खोलीत गेलं ना, की पोटातली कळ विरघळते बघ. तुझ्या त्या पिशवीपेक्षा अख्खी खोलीच पिशवी.” यात खोटं काही नव्हतं, तिला खरोखरच आराम पडायचा. पण तेवढ्यावर ती थांबायची नाही. मी नाही म्हटलं की मान उडवायची. “कारणं सांगायला तुला कुणी शिकवावं लागत नाही.”

एकदा मी चिडले. म्हटलं, “तुझं पोट वेगळं, माझं वेगळं. तू सगळ्यांचं माप तुझ्या अंगावरून काढू नकोस.”

ती पंधरा दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. पुढे आपोआप मिटलं, आमची भांडणं तशीच मिटतात.

गेल्या वर्षी टीचरनी एक टूम काढली. सलग तीस दिवस, एकही खाडा न करता वर्गाला यायचं. दाराशी फळा लावला, त्यावर नावं, नावापुढे रोज एक फुली. जिंकून काही मिळायचं नव्हतं, पण वहिनीला अशी गोष्ट दाखवायची खोटी. बारा जणींनी नाव दिलं. मीही दिलं आणि नवव्या दिवशी गळाले. वहिनीच्या फुल्या मात्र सरळ रांगेत चालल्या होत्या.

तेविसाव्या दिवशी मी तिच्या शेजारीच होते. ती कामावरून आली तेव्हाच मला तिचा रंग बरा दिसला नाही. ओठ पांढरे पडलेले. म्हटलं, “जेवलीस का?”

“दोन बिस्किटं खाल्ली. आज दोन जणी रजेवर होत्या, रोलर सोडायला फुरसत कुठे?”

कपडे बदलायच्या खोलीत ती संडासात गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून अर्धी संपवली. मी विचारलं, “पाळी आहे का?” तर म्हणाली, “आहे. मग?”

वर्ग सुरू होऊन पंचवीस-तीस मिनिटं झाली असतील. आम्ही त्रिकोणासनात होतो, एक हात खाली, एक वर, नजर वरच्या हाताकडे. टीचर म्हणाल्या, “सावकाश उभं राहा.” वहिनी उभी राहिली, मला आरशात दिसली, तिने आरशाकडे असं पाहिलं की जणू त्यात कुणी ओळखीचं दिसतंय का ते शोधतेय. आणि सरळ पुढे पडली. हातही टेकवले नाहीत. हनुवटी फरशीवर आपटली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

टीचर दोन ढांगांत आल्या. आम्ही चौघींनी तिला उचलून बाहेरच्या गार व्हरांड्यात नेलं. टीचरनी तिचे पाय खुर्चीवर ठेवले, कुणीतरी हनुवटीला रुमाल लावला. मिनिटभरात तिने डोळे उघडले. तिच्या खालचा टॉवेल पांढरा होता आणि तो हनुवटीमुळे लाल झाला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. एकीने आपला टॉवेल आणून तिच्या कमरेवर टाकला.

वहिनीचं पहिलं वाक्य, “तो टॉवेल कोणाचा? गार पाण्यात टाका लगेच. गरम पाणी लावू नका, डाग बसतो.”

दुसरं वाक्य, “किती वेळ राहिलाय? माझा तेविसावा आहे.”

टीचर म्हणाल्या, “आज संपलं. आत जायचं नाही.”

“कडेला बसते. नुसती बसते. हजेरी तरी लागेल.”

“नाही म्हटलं ना.”

वहिनी उठून बसली, भिंतीला टेकली, आणि मी जन्मात पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं. हुंदका नाही, काही नाही. नुसतं पाणी. टीचरकडे बघून म्हणाली, “आईसारखंच बोलता तुम्ही.”

मला काही कळलं नाही. तिची आई जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्या माऊलीने कुणाला वर मान करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

टीचरनी गाडी काढली आणि आम्हाला जवळच्या दवाखान्यात सोडलं. हनुवटीला तीन टाके पडले. रक्त तपासायला दिलं आणि आम्ही दोघी बाकावर निकालाची वाट पाहत बसलो. तिथे वहिनीने मला सांगितलं.

शाळेत असताना ती व्हॉलीबॉल खेळायची. चांगली खेळायची, उंच होती, उडी मारून चेंडू असा खाली आपटायची की समोरच्या मुली बाजूला व्हायच्या. अंतिम सामना होता, आणि तो बघायला क्रीडा शाळेचे लोक मुली निवडायला येणार होते. आदल्या दिवशी तिची पाळी सुरू झाली, आयुष्यातली तिसरी की चौथी. आई म्हणाली, अशा वेळी उड्या मारायच्या नाहीत, आतलं काही बिघडतं. वहिनी पाया पडली, ओरडली, जेवली नाही. आईने शाळेला चिठ्ठी पाठवली, मुलीला ताप आहे. तिच्या जागी राखीव मुलगी खेळली आणि तीच निवडली गेली. ती पुढे खेळाच्याच जोरावर नोकरीला लागली, आता प्रशिक्षक आहे.

“आईने वाईटासाठी नाही केलं,” वहिनी म्हणाली. “तिला तिच्या आईने तेच सांगितलं असणार. पण मी त्या दिवशी ठरवलं, यापुढे या कारणासाठी मी एकही गोष्ट सोडणार नाही. एकही नाही. सोडली नाही बघ. दोन्ही बाळंतपणांच्या आधी शेवटच्या आठवड्यापर्यंत रोलरवर होते मी.”

मी म्हटलं, “हे मला आधी सांगायचंस.”

“का? तू मग रोज आली असतीस?”

“नाही. पण भांडले नसते.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. वयाने आमच्यापेक्षा लहान, पण कागद हातात धरून त्यांनी वहिनीकडे अशा नजरेने पाहिलं की आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या सरळ बसलो.

“हिमोग्लोबिन सात आहे. तुम्ही आज कामावर गेला होता?”

“हो.”

“जिने चढताना दम लागतो?”

“लागतो. वय झालं आता.”

“सेहेचाळीस म्हणजे वय नव्हे. पाळीत दिवसाला किती पॅड लागतात?”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “पहिले तीन दिवस तासाला एक. रात्री उठावं लागतं दोनदा. गाठी पडतात.”

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं असेल.”

“कुणाला सांगितलंत?”

“यात सांगायचं काय? वय झालं की पाळी बिघडते, सगळ्यांचंच होतं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, अंगातलं रक्त हळूहळू कमी झालं की शरीर निभावून नेतं, म्हणून तुम्ही आजवर उभ्या होतात. आज रिकामं पोट, दिवसभर उभं काम, वर ती तापलेली खोली. मग नाही निभावलं.”

वहिनीने लगेच विचारलं, “म्हणजे पाळीत योगा करायला नको होता?”

“तो प्रश्नच नाही. पाळीत व्यायाम करता येतो, तुमच्यासारख्या कितीतरी बायकांना त्याने बरंही वाटतं. पण पाळी म्हणजे एवढं रक्त नव्हे. तासाला पॅड भिजतंय आणि गाठी पडताहेत, तर तो आजार आहे, आणि आजारावर इलाज असतो. तुम्ही दीड वर्ष दोन्ही गोष्टींना एकच नाव दिलंत.”

वहिनीने नुसती मान हलवली. तिने वाद घातला नाही म्हणजे पटलं, एवढं मला ठाऊक आहे.

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. गर्भाशयात लिंबाएवढी गाठ निघाली, फायब्रॉईड म्हणतात ती. आणखी एक तपासणी झाली आणि गाठ साधीच आहे हे नक्की झालं. लोहाची सुई, मग गोळ्या, आणि गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं एक छोटं साधन, कॉपर-टीसारखं, ज्याने रक्तस्राव कमी होतो. हिमोग्लोबिन अकराच्या वर जाईपर्यंत गरम खोली बंद.

दादाला हे सगळं मी सांगितलं. तो ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात आहे, इंजिनाचा आवाज जरा बदलला तर त्याला रस्त्यापलीकडून कळतं. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग वहिनीला म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत का?”

“तू रविवारी दुपारी झोपायला लागलीस तेव्हा मला वाटलं, बरं झालं, ही जरा आराम करायला शिकली.”

दोघंही हसले, पण दादाला ते लागलं होतं. त्याने त्या साधनाबरोबर आलेला माहितीचा कागद जेवायच्या टेबलावर बसून चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. सोळा वर्षांचा मुलगा ताट उचलून स्वयंपाकघरात पळायला लागला, तर दादा म्हणाला, “बस खाली. उद्या बायको येईल तेव्हा माझ्यासारखा बावळट ठरू नकोस.” मुलगी खो-खो हसत होती. वहिनीने कपाळाला हात लावला.

ते तीन महिने तिने कसे काढले ते घरच्यांना विचारा. लाँड्रीत सुपरवायझरने तिला रोलरवरून काढून उशांच्या अभ्र्यांवर बसवलं. बसून करायचं काम! तिला ते अपमानासारखं वाटलं. आठवडाभर तोंड फुगवून होती. पण बसलेल्या माणसाकडे बायका येऊन बोलतात, हे तिला तिथे कळलं. ‘इंजिन’ का बसलं, हा सगळ्यांच्याच तोंडी प्रश्न. आणि वहिनीने, जिने स्वतःच्या नवऱ्याला दीड वर्ष सांगितलं नव्हतं, तिने तळघरातल्या सगळ्या बायकांना मशिनच्या आवाजावर ओरडून सांगितलं. “माझं रक्त सातवर आलं होतं. तासाला पॅड लागायचं. तुमच्यापैकी कुणाला लागतं?”

सगळ्यांचे हात चादरींवर चालूच राहिले. मग डबे खायच्या वेळी घडीवाल्यांतली एक ठेंगणी बाई हळूच तिच्याजवळ येऊन बसली. तिलाही दोन वर्षं तसंच होत होतं. ती रोज दोन विजारी घालून यायची आणि पिशवीत तिसरी असायची. वहिनीने दुसऱ्याच दिवशी तिला हाताला धरून वरच्या मजल्यावर तपासणीला नेलं. त्याच दवाखान्याच्या तळघरात बारा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या त्या बाईने, पण स्वतःसाठी जिना चढली नव्हती. तिचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. तिला दोन दिवस भरती करून घेतलं, रक्त चढवलं. तिच्यानंतर आणखी तिघी वर जाऊन आल्या. त्यांतल्या दोघींचं सगळं ठीक होतं, त्याचाही वहिनीला आनंद झाला, पण थोडी निराशाही झाली असावी असा माझा संशय आहे.

टीचरही एकदा तिला भेटायला घरी आल्या. फळ्यावर तुमचं नाव तसंच ठेवलंय, म्हणाल्या. वहिनी म्हणाली, “पुसून टाका. तेवीस फुल्यांचं मी काय करू?” मग दोघींनी खूप वेळ गप्पा मारल्या. जाताना टीचर दारात थांबून म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही आत आलात तेव्हाच तुमचा चेहरा मला दिसला होता. मी अडवायला हवं होतं.”

“अडवलं असतंत तर मी दुसरा वर्ग शोधला असता,” वहिनी म्हणाली.

चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा दाराजवळच्या रांगेत, जिथे खालून गार वारा येतो, तिथे तिने सतरंजी घातली. मध्येच दोनदा खाली बसली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनेही कुणाकडे पाहिलं नाही. शवासनात मात्र चक्क घोरली.

त्या साधनाचं असं झालं की पहिले काही महिने थेंब थेंब कधीही यायचं, त्यावरून ती वैतागली होती, काढूनच टाकते म्हणायची. मग हळूहळू सगळंच कमी झालं. आता महिन्याला दोन दिवस नावापुरतं दिसतं, कधी तेही नाही. रोलरवर ती परत गेली आहे, पण मधल्या सुट्टीत डबा खाते, बिस्किटांवर भागवत नाही.

गेल्या मंगळवारी माझा दुसरा दिवस होता. मी नेहमीप्रमाणे येत नाही म्हणून तिला फोन केला. मान उडवल्याचं फोनवर दिसत नाही, पण मी वाट पाहत होते. ती म्हणाली, “बरं. दुखतंय का फार?”

“नेहमीसारखंच.”

“मग पड.”

काय झालं कोण जाणे, दहा मिनिटांनी मी उठले, दोन केळी खाल्ली, बाटली भरली आणि गेले. वहिनी पायपुसण्यावर बूट काढत होती. माझ्याकडे बघून नुसती सरकली आणि दाराजवळची जागा मला दिली. मी उभी आसनं तेवढी केली. उरलेला वेळ उताणी पडून राहिले, पोटावर हात ठेवून. कंबर दुखायची थांबली असं नाही, पण सैल झाली. पुढच्या महिन्यात जाईन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा बघू.